एकशे अठराचं किती निघालं

समिती गुरुवारी येणार, म्हणून सोमवारपासून
मी डॉक्टर वैजयंती निकुंभांचा शोधनिबंध मोजतोय.
दिंडोरी रोड, आमचं ग्रंथालय, दुसरा मजला,
पंख्याखाली फडफडणारे तक्ते
आणि त्यांवर ठेवलेला माझा डबा.

निबंध सहा वर्षांपूर्वीचा :
पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडणाऱ्या
दोनशे बारा बायकांच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व.
बाहेर एप्रिलचं ऊन पत्र्यावर तडतडतंय
आणि आत, आठ अंशांवर,
साडीवर स्वेटर, स्वेटरवर अ‍ॅप्रन, डोक्याला जाळी.
टेम्पो न्यायला येतो तेव्हा सूर्य उगवलेला नसतो,
सोडतो तेव्हा बुडालेला.
सरासरी अकरा पूर्णांक चार.
वीसच्या खाली कमतरता म्हणतात.

उद्धरणं : नऊ.
त्यांतली तीन मॅडमनीच स्वतःची दिलेली.
एक ब्राझीलचं, त्यात आडनाव 'निकुंभा'.
चार ठिकाणी नुसता आकडा, इतर आकड्यांच्या ओळीत,
रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून माणूस चहाला जावा तसा.
उरलेल्या एकानं मात्र वाचला होता.
कळतं ते.
वाचलेल्या माणसाचं वाक्य थोडं अडखळतं.

मग दुसरं माप.
यंत्र पडद्यावर एक रंगीत कडं दाखवतं,
लाखेच्या बांगडीसारखं. जितकी चर्चा तितके रंग.
मार्चपर्यंत ते राखाडी होतं.
मग गंगापूर रोडच्या कुणा जिमवाल्या पोरानं रील टाकलं :
नाशिकच्या डॉक्टरांचा शोध! रोज पाव किलो द्राक्षं, ड जीवनसत्त्व फुल!
खाली निबंधाची लिंक.

द्राक्षात ड नसतं. निबंधात तसं कुठंही नाही.
पण लिंक बरोबर होती, आणि यंत्र लिंक मोजतं.
दोन लाख चाळीस हजार वेळा पुढं गेलं,
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरच तीनदा,
त्यात एकदा माझ्याच बायकोकडून.
कडं झगमगलं. वरच्या पाच टक्क्यांत!
पाटसकर सरांनी पेढे मागवले.

बुधवारी निमाणीच्या थांब्यावर
माझ्या गळ्यातलं ओळखपत्र निरखत एक बाई म्हणाली,
'तुमी त्या इद्यापीठाचे ना? आमचं रगत नेलं व्हतं.'
मथुराबाई गांगुर्डे. गुडघा चोळत बसलेली.
'माझा नंबर एकशे अठरा. किती निघालं माझं?'

मला त्या निबंधाचं सगळं पाठ होतं.
किती देशांत उघडला, कुठल्या वारी जास्त,
सरासरी माणूस कितव्या सेकंदाला बंद करतो.
एकशे अठराचं माहीत नव्हतं.

निकुंभ मॅडम निवृत्त. फोनवर बराच वेळ गप्प.
'अहवाल वाटायचे होते रे.
हंगाम संपला, टोळ्या पांगल्या, मग ठेकेदार बदलला…'
चावी शिपायाकडे, कपाट तळघरात,
वहीला झुरळांचा वास. एकशे सोळा, एकशे सतरा,
एकशे अठरा : सात पूर्णांक नऊ.
दोनशे बारा बंद पाकिटं तिथंच, रबर वितळून एकमेकांना चिकटलेली.

गुरुवारी समितीनं कडं पाहिलं, मान डोलावली.
'समाजावरील परिणाम' या रकान्यात मी
दोन लाख चाळीस हजार लिहिलं.
एक मिळवावा असं वाटून गेलं.
एकानं काही होत नाही तिथं.

शनिवारी ती त्याच थांब्यावर. मी पाकीट दिलं.
तिनं ते फोडलं नाही, 'तूच वाच' म्हणाली.
सात पूर्णांक नऊ.
'सात?' तिनं विचारलं, 'किती पैकी?'

मी वीस म्हणालो, मग तीस म्हणालो,
मग, पैकी असं काही नसतं त्यात, म्हणालो,
सिव्हिलला दाखवा, तिथं मोफत आहे,
आणि हे जुनं आहे हो, सहा वर्षांपूर्वीचं.

'सा वरसं,' ती म्हणाली,
'मंग आता तं आजून उतरलं आसंल.'
पाकीट कमरेच्या पिशवीत गेलं.
पिंपळगावची बस लागली होती.